घरच्या विहिरीचं पाणी

स्वस्त घर मिळाल्याची फुशारकी मी जितक्या लोकांपुढे मारली, तितकी दुसऱ्या कशाचीच मारली नाही. तेव्हा माझ्याकडे फुशारकी मारण्यासारखं दुसरं काही नव्हतंही. शिक्षण खात्यात कारकून होतो, वय तेहतीस, लग्नाला नऊ वर्षं झालेली आणि घरात मूल नाही. शालिनीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्याच्या आत गेले. हे ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या पेठेतल्या भाड्याच्या जागेत झालं. तिथे कचेरी दीड कोस लांब, टांग्याशिवाय बाजार नाही, आणि जिना असा की धडधाकट माणसालाही धाप लागावी.

बावन्न साली तिला तिसऱ्यांदा दिवस राहिले. वैद्यांनी नाडी पाहून सांगितलं की हिला टांग्याचे धक्के नकोत, जिना नको, रोज सपाट जमिनीवर थोडं चालणं हवं आणि मनाला स्वस्थता हवी. नेमकं त्याच वेळी आमच्या खात्याची एक शाखा कायमची इंदूरला ठेवायचं ठरलं. त्या दिवसांत मध्यभारत सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे, आणि आम्ही कारकून मंडळी दप्तरांच्या पेट्यांबरोबर इकडून तिकडे हलवले जात असू. कायमचं इंदूर म्हटल्यावर सगळ्यांनी नाकं मुरडली. ग्वाल्हेर ते ग्वाल्हेर, इंदूर म्हणजे कापडवाल्यांचं गाव, तिथे काय आहे, असं जो तो म्हणू लागला. मी हात वर केला.

आणि खरं सांगतो, त्या गावानं मला पहिल्या आठवड्यातच जिंकलं. पोलोग्राउंडच्या मागच्या बाजूला आम्हाला घर मिळालं. तीन खोल्या, पुढे ओटी, मागे अंगण, अंगणात तुळस आणि तुळशीपलीकडे घरची विहीर. भाडं नऊ रुपये. लष्करात मी दोन खोल्यांचे सतरा देत होतो. कचेरी पायी वीस मिनिटं, भाजीबाजार दहा, राजवाडा अर्धा तास आणि सराफ्यातली गरम जिलबी त्याहून दोन पावलं पुढे. चढ नाही, जिना नाही. मी ग्वाल्हेरच्या मित्रांना पत्रं लिहिली की मूर्खांनो, तिथे टांगेवाल्यांची घरं भरत बसा, मी इथे चपला झिजवून राजासारखा राहतो.

आईनं घर पसंत केलं ते विहिरीमुळे. आई म्हणजे द्वारकाबाई, बावीस वर्षांची विधवा, म्हणजे विधवा होऊन बावीस वर्षं झालेली, आणि सोवळ्याच्या बाबतीत कुणाचंही न ऐकणारी. इंदूरला कोपऱ्याकोपऱ्यावर नगरपालिकेचे नळ होते. पण नळाच्या आत चामड्याचं वायसर असतं, आणि चामड्यातून आलेलं पाणी आईच्या लेखी पाणीच नव्हतं. ग्वाल्हेरला ती त्यासाठी दुसऱ्याच्या विहिरीवर जाऊन चार माणसांची बोलणी खात असे. इथे विहीर दारात. घर बघायला गेलो त्या दिवशीच तिनं रहाटानं कळशी काढली, ओंजळीनं चव घेतली आणि म्हणाली, पाणी चक्क गोडसर आहे, या गावात सगळीकडे जड पाणी आणि इथे हे, सुनेला हेच मानवेल.

घर दाखवायला मालक अप्पासाहेब स्वतः आले होते. त्यांचे आजोबा होळकरांच्या पागेत होते, त्या पुण्याईवर पोलोग्राउंडकडची बरीच जमीन त्यांच्याकडे होती. घराच्या मागच्या भिंतीला लागून एक सफेदा करायचा कारखाना होता, दारंखिडक्यांना लावतात त्या पांढऱ्या रंगाचा, ती जागाही त्यांचीच. उन्हाचे आले म्हणून आईनं त्यांच्यापुढे तांब्याभांडं ठेवलं. त्यांनी हात जोडले, म्हणाले, आईसाहेब, तसदी नको, आमचं पाणी आमच्या माणसाकडे आहे. ते गेल्यावर आई मला म्हणाली की बघ, मराठा माणूस, पण ब्राह्मणाच्या घरचं सोवळं ओळखतो, भांडं विटाळू नये म्हणून स्वतःच नको म्हणाला. मलाही ते पटलं. आमच्या घरात माणसाच्या प्रत्येक वागण्याला जातीची एक खुंटी तयार असे, आणि त्यावर ते टांगलं की आम्ही मोकळे.

मग चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. शालिनीला तिसरा लागला होता, तरी तिनं हौसेनं गौर मांडली. कैऱ्या आणून आईनं विहिरीच्या पाण्यात मोठं पातेलंभर पन्हं केलं, वाटली डाळ केली, ओटीसाठी हरभरे भिजवले. गल्लीतल्या आठजणी आल्या. शेजारची सखुबाई आली, दोन मारवाडणी आल्या, माझ्या कचेरीतल्या बाळकृष्णाची बायको रामबागेहून चालत आली. सगळ्यांनी कुंकू लावून घेतलं, गौरीला हात जोडले, गाणीही म्हटली. पन्ह्याचे पेले मात्र ताटात तसेच राहिले. एकीला सर्दी होती, एकीचा उपास होता, एकीनं दात दुखतो म्हणून सांगितलं. बाळकृष्णाच्या बायकोनं पेला उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि बोलता बोलता परत ठेवून दिला.

आईनं त्या सगळ्याचा हिशोब संध्याकाळपर्यंत लावला. सखुबाई मराठा, ती मर्यादेनं प्यायली नाही. मारवाडणी दुसऱ्यांच्या हातचं घेत नाहीत. आणि बाळकृष्ण कऱ्हाडे, आपण देशस्थ, तेव्हा त्या बाईचा तो तोरा, दुसरं काय. मी हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीला निघालो तर गल्लीच्या तोंडाशी, गटाराच्या कडेला, आमचे भिजवलेले हरभरे पडलेले दिसले. एका ओटीचे नव्हते, चार-पाच ओट्यांचे असावेत. एक बकरी ते हुंगत होती. मला राग आला तो त्या बायकांचा. घरी मी सांगितलं नाही, कारण आईला वाईट वाटलं असतं.

त्यानंतर कोण काय नको म्हणतो ते मी मोजायलाच लागलो. दूधवाला दारात बसून विडी ओढायचा, पण पाणी विचारलं की घाम पुसत नको म्हणायचा. गुरुजी सत्यनारायणाला आले ते आपला कमंडलू घरून भरून घेऊन आले, आणि तीर्थ मला देताना स्वतः मात्र ओठाला न लावता हात डोक्यावरून फिरवला. बाळकृष्ण एकदा रविवारी आला, दोन तास गप्पा मारल्या, चहा करू का विचारलं तर उठलाच. जाताना ओटीवर उभा राहून आपल्या इंदुरी बोलीत म्हणाला, "चिंतामण, घर सस्तं आहे, ते ठीक. पण भिया, रामबागेत माझ्या शेजारी दोन खोल्या खाली होतायत. बघून ठेव." मी विचारलं भाडं किती, तो म्हणाला सोळा. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं की सोळा रुपये द्यायला मला वेड लागलेलं नाही. तो आणखी काही बोलेल असं वाटलं, पण तो तसाच गेला. मागच्या कारखान्यात त्याचा मेव्हणा मुनीम होता, हे मला नंतर कळलं.

रोज पहाटे आई ओलेत्यानं विहिरीवर जाई, पहिली कळशी देवाची काढी आणि दुसऱ्या कळशीतला पेलाभर शालिनीला स्वतःच्या हातानं देई. चांदीचा पेला होता, माझ्या मुंजीतला. शालिनी तो संपवेपर्यंत आई समोर उभी राही. हे मूल टिकावं म्हणून माझी आई काय करत नव्हती? एकभुक्त राहत होती, गणपतीच्या देवळात रोज एकवीस प्रदक्षिणा घालत होती, सुनेला खाली वाकू देत नव्हती. तिच्या मायेत मला कधी खोट दिसली नाही, आजही दिसत नाही. पाचवा महिना लागला आणि सुखरूप सरला. त्या दिवशी आईनं देवापुढे साखर ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा आमच्यात बाळाच्या नावाचा विषय निघाला.

पण घरात काहीतरी बिघडत होतं. तुळस वाळली, आईनं दुसरी लावली, तीही वाळली. आईच्या पोटात कळा येऊ लागल्या, इतक्या की ती पोट आवळून भिंतीला टेकून बसे, आणि रहाटाचा दोर तिच्या उजव्या हातातून सुटू लागला. ती म्हणे वय झालं. शालिनी पांढरीफटक दिसू लागली, ती म्हणे दोन जिवांची आहे. आणि माझं म्हणाल तर माझं अक्षर खात्यात नावाजलेलं, साहेब मुद्दाम मला मसुदे उतरवायला देत. आषाढात ते अक्षर बिघडलं. मनगट जड होई, टाक बोटांतून निसटे. साहेबांनी एक मसुदा परत पाठवला तेव्हा मी शाईला दोष दिला.

पावसानं विहीर वर आली तसं पाणी अधिकच गोड लागू लागलं. आई म्हणे, देवाची कृपा.

श्रावणातली गोष्ट. संध्याकाळी आम्ही दोघं किल्ला मैदानाच्या कडेनं फिरायला जात असू. वैद्यांनी सांगितलेलं ते चालणं मी एक दिवस चुकवलं नाही. पाऊस उघडला होता. शालिनी म्हणाली, "अहो, एक सांगू? रागावू नका."

मी म्हटलं सांग.

"सखुबाई म्हणते, आपल्या विहिरीत मागच्या कारखान्याचं उतरतं. तिचा नवरा तिथेच होता, त्याचे दोन्ही हात गेले, भाकरी मोडता येत नाही त्याला. मला म्हणाली, बाई, पीना मत वो पानी, तुझ्या आधीच्या बिऱ्हाडातल्या बाईचं याच घरात दोनदा गेलं. गल्लीत कुणी पीत नाही ते पाणी. मी नळाचं प्यायले तर चालेल का?"

हे तिनं इतकं सरळ सांगितलं की न समजण्याची सोयच नव्हती. बायकोनं आपल्या पोटातल्या जिवासाठी एक गोष्ट मागितली होती, आणि ती गोष्ट गल्लीच्या कोपऱ्यावर फुकट मिळत होती. मी म्हणालो, "आईपुढे हे बोलू नकोस."

पुढे मी बरंच बोललो. सखुबाईच्या नवऱ्याची नोकरी सुटली म्हणून ती कारखान्यावर डूख धरून असेल, गल्लीतल्या बायकांना दुसऱ्याचं बरं बघवत नाही, पाणी वाईट असतं तर आधी आई पडली असती, असं सगळं. आई तेव्हा रोज दुपारी भिंतीला टेकून बसत होती. शालिनीनं मला त्याची आठवण करून दिली नाही. ती नुसती चालत राहिली आणि परतताना नळापाशी थांबून तिनं ओंजळभर पाणी पिऊन घेतलं. मी दुसरीकडे पाहिलं.

माझ्या मनात मात्र ते राहिलं. रविवारी आई देवळात गेली तेव्हा मी धुण्याच्या दगडावर चढून मागच्या भिंतीवरून पाहिलं. असं पाच महिन्यांत मी एकदाही केलं नव्हतं. पलीकडे मातीच्या कुंड्यांच्या रांगा होत्या, त्यांत आंबट सिरका, वर शिशाचे पत्रे गुंडाळून ठेवलेले, आणि कुंड्या शेणाच्या ढिगात गळ्यापर्यंत पुरलेल्या. पत्र्यांवर धरलेली पांढरी पूड दोन माणसं हौदात धूत होती. त्या धुण्याचं पाणी चर काढून एका खड्ड्यात सोडलं होतं. खड्डा चुन्यासारखा पांढरा, भिंतीपासून हातभर. भिंतीच्या अलीकडे पाच पावलांवर आमची विहीर.

एकानं तोंडाला फडकं बांधलं होतं. त्याला मी विचारलं, "ये पानी कहाँ जाता है?"

"ज़मीन में, बाबूजी."

"और तुम लोग पीते कौन-सा हो?"

"नल का. घर से भर के लाते हैं." मग त्यानं मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. "आप इसी घर में रहते हैं?"

मी उतरलो. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला सगळं कळलं. पन्ह्याचे पेले कळले, हरभरे कळले, अप्पासाहेबांचे जोडलेले हात कळले, माझं मनगट कळलं. पाच महिने अख्खी गल्ली आम्हाला जमेल तसं सांगत होती आणि आम्ही प्रत्येकाची जात शोधत बसलो होतो. मी अंगणात येरझारा घातल्या. आणि मग, माझं डोकं शांत झालं आणि ते कारकुनासारखं काम करू लागलं.

चातुर्मासात आई घर बदलू देणार नाही. सातव्या महिन्यात बाईला हलवू नये म्हणतात. रामबागेतल्या खोल्या एव्हाना गेल्याही असतील. आईला खरं सांगावं, तर रोज पहाटे चांदीच्या पेल्यानं ती सुनेला काय पाजत आली ते सांगावं लागेल, आणि ते ऐकून ती काय करून घेईल कोण जाणे. शिवाय हे घर मी शोधलेलं, हे गाव मी निवडलेलं, ग्वाल्हेरला पंचवीस पत्रं मी धाडलेली. सहा महिने सरले, तीन राहिले. बाळंतपण होऊ दे, मग बघू. असा माझा ठराव झाला आणि मी त्यावर मनातल्या मनात सही केली. नळावरून दोन घागरी आणायला मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. आईनं पाहिलं असतं तर ती चार दिवस जेवली नसती, एवढंच झालं असतं.

सोमवारी पहाटे आई पेला घेऊन आली. शालिनी पाटावर बसली होती. तिनं पेला घेतला नाही.

आईनं विचारलं बरं वाटत नाही का. शालिनी म्हणाली बरं आहे, पण मी हे पाणी पिणार नाही. नऊ वर्षांत तिनं सासूला दिलेलं ते पहिलं नाही. आवाज चढला नव्हता, हात मात्र पोटावर होते. आई गोंधळली. पेला तिच्या हातात कापत होता, तो आधीच नीट धरवत नव्हता. ती म्हणाली की अगं, सोवळ्यातलं आहे, बाळासाठी आहे. शालिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी दारात जानवं सारखं करत उभा होतो.

मग आईनंही माझ्याकडे पाहिलं. "चिंतू, काय झालंय? पाण्यात काही वाईट आहे का? तू सांग बाबा. तू म्हणशील तसं."

माझ्या आईनं सोवळ्याच्या बाबतीत आयुष्यात एकदाच दुसऱ्याला विचारलं, ते त्या दिवशी मला. मी हो म्हटलं असतं तर तिनं पेला तिथेच ओतला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं. शालिनीला वाटलं मी बोलणार. तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं.

मी म्हणालो, "काही नाही आई. गल्लीतल्या बायकांनी हिचं डोकं फिरवलंय. पी गं, शालू. काही होत नाही."

शालिनी माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं पेला घेतला आणि सगळा प्यायली, एका दमात, माझ्यावरची नजर न काढता. त्यानंतर तिनं कधी नाही म्हटलं नाही. रोज घ्यायची, रोज संपवायची. संध्याकाळी फिरायलाही यायची. मी गप्पा मारायचो, ती ऐकून घ्यायची.

भाद्रपदात, गौरी उठल्यावर चार दिवसांनी, भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. बाळकृष्णाच्या ओळखीच्या डॉक्टर प्रमोदिनीबाई होत्या, त्यांचं घर पायी दहा मिनिटांवर. मी पाच मिनिटांत धावत गेलो. त्या आल्या, दार लावून घेतलं, आणि दिवेलागणीच्या आत सगळं संपलं. मुलगी होती. सात महिन्यांची, हातापायांची बोटं पुरी, डोक्यावर जावळ. रडली नाही. बाई म्हणाल्या की वाढ चांगली होती, ही जगायला हवी होती.

मदतीला आलेली जनाबाई सुईण मुलीला गुंडाळून घेऊन बसली. डॉक्टरबाईंनी शालिनीला तपासलं आणि तिचा खालचा ओठ दाबून हिरड्या पाहिल्या. हिरडीच्या कडेनं निळसर रेघ होती. त्यांनी कपाळाला आठी घालून आईला जवळ बोलावलं, तिचा ओठ उलटून पाहिला, मग माझा. तिघांच्या तोंडात तीच रेघ. मग त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता तुम्ही?"

आई म्हणाली घरच्या विहिरीचं. बाईंनी मागच्या खिडकीतून भिंतीकडे पाहिलं, वास घेतला, मागे काय आहे विचारलं. मी सांगितलं.  मग त्या आईला समजेल अशा शब्दांत म्हणाल्या की शिसं पाण्यात उतरलं की पाणी गोडसर लागतं, ते हळूहळू अंगात भिनतं, मोठ्यांचे हात आणि पोट धरतं आणि पोटातलं मूल मारतं. आजपासून त्यातला थेंब तोंडात घालू नका. आणि जाता जाता, पिशवी आवरताना, सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं की इतकी माणसं राहतात आजूबाजूला, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?

बाई गेल्या. खोलीत आम्ही तिघं आणि कोपऱ्यात जनाबाई. आई हळूच माझ्याकडे वळली.

"चिंतू, तुला ठाऊक होतं का रे?"

पलंगावर शालिनी जागी होती. डोळे उघडे होते.

"नाही," मी म्हणालो.

आईनं मान डोलावली. तिला हवं ते उत्तर मिळालं असावं, कारण मुलगा असा करणार नाही याची तिला खात्री हवी होती. मग तिनं आपले दोन्ही हात समोर धरले, उलटसुलट करून पाहिले, आणि म्हणाली, "म्हणजे मीच पाजलं." शालिनीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

आठ दिवसांत आम्ही रामबागेत गेलो. निघताना मी विहिरीच्या कठड्यावर कोळशानं मोठ्या अक्षरात लिहिलं की पाणी विषारी आहे. नगरपालिकेला अर्ज दिला, बाळकृष्णाचा मेव्हणा रागावेल याची पर्वा केली नाही. अप्पासाहेबांच्या दारात जाऊन चार माणसांत त्यांना बोललो. ते शांतपणे म्हणाले, साहेब, घर देताना आपण पाण्याचं विचारलं नव्हतं. आता माझी जीभ चांगलीच चालत होती.

रामबागेतल्या घरालाही कचेरी, बाजार, देऊळ सगळं पायी होतं. विहीर नव्हती. पहिल्याच सकाळी आई उठली, धुतलेली कळशी घेतली, कोपऱ्यावरच्या नळाला रांगेत उभी राहिली आणि भरून घेऊन आली. मी म्हणालो की देवळाच्या विहिरीचं आणून देतो, लांब नाही. ती म्हणाली, काही नको. चामड्यातून आलेलं ते पाणी तिनं देवालाही घातलं आणि स्वतःही प्यायली. सोवळं तिनं त्या दिवशी सोडलं ते पुन्हा धरलं नाही. एकवीस प्रदक्षिणाही सोडल्या. देवळासमोरून जाताना ती पदर पुढे ओढून घेई आणि आत पाहत नसे. शालिनीला तिनं त्यानंतर स्वतःच्या हातानं कधी काही वाढलं नाही. ताट करून ठेवी आणि दूर होई.

शालिनीला पुन्हा दिवस राहिले नाहीत. घरात ती सगळं करायची, माझं, आईचं सगळं. त्या पेल्याबद्दल ती मला कधी एका शब्दानं बोलली नाही. मी बऱ्याचदा वाट पाहिली की तिनं बोलावं. एकदा तरी तिनं आईला सांगावं, म्हणजे मला सांगावं लागणार नाही, असंही मला वाटे. हे आता लिहिताना लाज वाटते, पण वाटे हे खरं.

छप्पन्न साली मध्यभारत मोडून नवं राज्य झालं आणि आमचं खातं भोपाळला हलायचं ठरलं, त्याच सुमाराला आई गेली. शेवटच्या आठवड्यात तिला बोलवत नव्हतं, शुद्ध मात्र पुरी होती. एके सकाळी तिनं खुणेनं शालिनीला जवळ बोलावलं. मी तिच्या पायाशी बसलो होतो. आईनं वळलेली, लुळी बोटं कशीबशी एकमेकांना टेकवली आणि सुनेपुढे हात जोडले. सासूनं सुनेपुढे. डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं. "माझ्या हातानं गेली तुझी पोर," एवढं ती बोलली, आणि ते नीट ऐकू आलं.

शालिनीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती थांबली. आईचे जोडलेले हात तसेच हवेत होते, कापत होते, आणि शालिनी माझी वाट पाहत थांबली, चांगली थांबली. मला एकच वाक्य बोलायचं होतं. आईला ते ऐकू आलं असतं, समजलंही असतं.

मी पांघरूण सारखं केलं.

मग शालिनीनंच आईचे हात आपल्या हातांत घेऊन खाली ठेवले.